बोटभर समास

पुस्तक उघडलं की दुसऱ्याच पानावर नावांची पंगत बसलेली असते. लेखक, प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन. शेवटी लेखिकेला वेळेवर चहा करून दिला म्हणून तिच्या जाऊबाईंचे आभार. बाइंडर मात्र त्या पंगतीला नसतो. चाळीस वर्षांहून जास्त मी शुक्रवार पेठेत पुस्तकं बांधली. हातात आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं ते पान आधी बघायचं आणि चिडायचं, हा माझा नेम. एका प्रकाशकाला मी तोंडावर म्हटलं, "बांधलं नसतं तर ही रद्दी होती." तो म्हणाला, "रझियाताई, मग शाईवाल्याचंही नाव घालू का?" मी म्हटलं, "घाला की. तुमच्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झालाय." नंतर दोन वर्षं त्याचं काम आलं नाही. माझं तोंड आणि माझा धंदा यांचं कधी जमलंच नाही.

म्हणून या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा पहिली अट घातली, नाव ठळक हवं. ते म्हणाले, "अहो, ते असतंच." फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी भांडले म्हणून वाईट वाटलं, मग भरपाई म्हणून तीन पानांची पाच करून घेतली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. छापखान्यातून पुस्तक येत नाही, चादरीसारखे मोठे कागद येतात. एकेका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. याला फर्मा म्हणतात. त्याला घड्या घालायच्या, फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, तीन बाजूंनी कापून कडा सरळ करायच्या आणि मग पुठ्ठा चढवायचा. घड्या बायकांनी घालायच्या आणि कापायचं पुरुषांनी, अशी आमच्या धंद्यातली वाटणी. माझी अम्मी जन्मभर घड्या घालत होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण पानाच्या कोपऱ्यातल्या आकड्याच्या नुसत्या आकारावरून ती फर्मा ओळखायची, आणि बी. ए. झालेल्या माणसानं लावलेला चुकीचा फर्मा मुकाट्यानं काढून त्याच्यासमोर ठेवायची. मुकाट्यानं, हे माझ्यात उतरलं नाही.

मी चौदाव्या वर्षी तिच्या शेजारी बसले. घड्या आल्या, शिवण आली, पुठ्ठा आला. मग मला कटिंग मशिन हवं झालं. लोखंडी चाक फिरवलं की पातं खाली येतं आणि अख्खं पुस्तक खरवसासारखं कापलं जातं. मालक म्हणाले, "बाईनं हात लावला तर बोटं जातील." मी विचारलं, "तुमची दोन गेलीत, ती काय बाईची होती?" त्या दिवशी नोकरी गेली. पुढे माझं दुकान झाल्यावर बंद पडलेल्या एका कारखान्यातून जुनं मशिन घेतलं. तीन महिने रोज जाऊन घासाघीस केली. विकणारा शेवटी हात जोडून म्हणाला, "घेऊन जा बाई, पण परत येऊ नका."

आणि मग मी कापतच सुटले. गरज असो, नसो. वही आली, काप. लग्नाचा अल्बम आला, काप. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकाचा कोपरा दुमडला होता, तोही सरळ करून दिला. त्यात वर्गशिक्षिकांची सही गेली. मुलगी रडली, मी म्हटलं, "कडा बघ किती सरळ आहे."

गिऱ्हाइकंही माझ्यासारखीच भेटली. एक गृहस्थ तीस वर्षांची विजेची बिलं कापडी बांधणीत करून घेऊन गेले, पाठीवर सोनेरी अक्षरात 'बिले'. एका बाईंनी माझ्याशी अर्धा तास बोलून झाल्यावर सांगितलं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी म्हटलं, "तुमचंही बरं आहे." त्या पुन्हा आल्या नाहीत. काम चांगलं होतं त्यांचं.

पण माझं खरं पोट भरलं ते ऐतिहासिक कादंबऱ्यांवर. वाचनालयांतून आणि घरांतून सगळ्यात आधी तुटून येतात त्या याच. समीक्षक काय म्हणतात ते मला माहीत नाही. कोण काय वाचतं हे मला पानांवरच्या डागांवरून कळतं. लढाईचं प्रकरण कोरं करकरीत असतं. त्यात घोडे उधळतात, तोफा उडतात, आणि पानाला बोट लागलेलं नसतं. पुढे माजघरात दोन मैत्रिणी भेटल्या, किंवा आई लेकीची वेणी घालत तिला सासरचं काही सांगायला लागली, की पानावर हळद, आमटी, तेलाची बोटं. शिवणही नेमकी तिथेच सुटलेली असते, कारण पुस्तक तिथे उघडून ओट्यावर पालथं ठेवलेलं असतं.

असंच एक पुस्तक घेऊन तीन वर्षांपूर्वी अस्मिता आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हिंजवडीत कंपनीत नोकरी, राहायला कोथरूडला. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली जाड कादंबरी काढली. नाव सांगत नाही, लेखिका हयात आहेत आणि माझ्याइतक्याच तापट आहेत असं ऐकून आहे. पेशवाईतल्या दोन मैत्रिणींची गोष्ट आहे, एक पुण्यात राहिलेली, एक साताऱ्याला दिलेली, आणि दोघींच्या लेकी. पाठ मोडलेली, कडा कसरीनं कुरतडलेल्या.

"आईचं आहे," ती म्हणाली. "ती गेली मागच्या वर्षी. तिच्या मैत्रिणीला द्यायचंय. जपून करा."

मी भाव सांगितला. ती म्हणाली, "थोडं कमी करा ना." तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. मी भावात कधी कमी केलेलं नाही. पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून म्हटलं, "कमी नाही होणार. पण या खराब कडा कापून सरळ करून देते. त्याचे पैसे नाही घेत." तिनं फोन कानाला ठेवूनच मान हलवली, "हो हो, चालेल." नीट वाचा. आयुष्यात मी एकदाच कुणाला काहीतरी फुकट दिलं, ते हे.

समासात पेन्सिलीच्या ओळी होत्या, त्या मला दिसल्या. वाचनालयाच्या पुस्तकांतही असतात, 'छान!', 'अगदी खरं', 'मूर्ख नायक'. मी त्या वाचल्या नाहीत. बाइंडर वाचायला लागला तर उपाशी मरेल. फर्मे सोडवले, धुतले-पुसले, शिवले, पाठीला खळ दिली, आणि मशिनमध्ये घालून बाहेरच्या बाजूनं चांगलं बोटभर कापलं. कसर पार निघाली. तांबडं कापड चढवलं. माझीच दृष्ट लागेल असं पुस्तक झालं.

अस्मिता न्यायला आली. हातात घेतलं, हसली. उघडलं, आणि हसू गेलं. पानं उलटत राहिली, भराभर, मग हळू. शेवटच्या पानावर थांबली.

"तुम्ही कापलंत?"

"तुम्हीच हो म्हणालात."

"अहो, समासात लिहिलेलं होतं सगळं!"

आता इथे शहाणी बाई गप्प बसली असती. मी म्हटलं, "पुस्तक म्हणजे पाटी आहे का लिहायला? वहीत लिहावं माणसानं. आणि लिहिलंय तर बाइंडरला सांगावं. आम्हाला काय स्वप्न पडतं?" पाच-दहा मिनिटं मी अशी बोलत होते. ती उलट काही बोलेना, तसा माझा आवाज चढत गेला. माझं असंच होतं. समोरचा भांडला तर मी आवरते, गप्प राहिला तर सुटते.

ती पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि सांगायला लागली. तिची आई मालती आणि कुसुममावशी एकाच शाळेत शिक्षिका होत्या. ही कादंबरी दोघींनी मिळून विकत घेतली. कुसुममावशी हडपसरला राहायला गेल्या तशी कादंबरी बसनं जा-ये करायला लागली. जिच्याकडे असेल तिनं वाचायचं, समासात लिहायचं आणि पाठवायचं. वर्षानुवर्षं. मग अस्मिताचा संसार मोडला. ते तिनं आईला सांगितलं नाही, आधी मावशीला सांगितलं, आणि आईला सहा महिन्यांनी कळलं. "मुलगी माझी आणि सल्ला तुझा?" म्हणून आईनं मैत्रिणीशी बोलणं टाकलं. अकरा वर्षं. पुस्तक तेव्हा नेमकं आईकडे होतं. मावशी तेराव्याला आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि न बोलता गेल्या.

"आई गेल्यावर पुस्तक सापडलं. शेवटच्या पानावर तिनं मावशीला काहीतरी लिहिलेलं होतं, नंतरचं. मी 'कुसुम' एवढं वाचलं आणि मिटून टाकलं. मला लिहिलेलं नव्हतं ते. म्हटलं, मावशीच वाचेल." तिनं पान माझ्यापुढे धरलं. समासात आडवं पुस्तक धरून लिहिलेली एकच ओळ राहिली होती.

'कुसुम, तिनं तुला आधी सांगितलं याचा राग अजून आहे.'

"हेच राहिलं," अस्मिता म्हणाली. "हे कसं नेऊन देऊ मावशीला?" मग पान मिटत, "आणि हा राग माझ्यावरचाच आहे." पुस्तक तिथेच ठेवून ती गेली. ठरलेले पैसे मात्र मोजून ठेवले. माझ्याशी कुणी कधी एवढा अपमानकारक चोख व्यवहार केला नव्हता.

संध्याकाळपर्यंत मी तिलाच दोष देत होते. मग ते पान पुन्हा काढलं, उजेडात धरलं. कापलेल्या कडेला, त्या ओळीच्या खाली, बारीक बारीक खुणा होत्या. एक वेलांटी. दोन मात्रा. एक अनुस्वार. पुन्हा मात्रा. अक्षरं नव्हतीच, फक्त अक्षरांच्या डोक्यावरचं सामान होतं. म्हणजे खाली आणखी एक ओळ होती. बाईचं बोलणं रागावर संपलं नव्हतं. तिथे मी पातं फिरवलं होतं.

कापलेल्या पट्ट्यांना आम्ही कातरण म्हणतो. ती गोणीत भरायची आणि रद्दीवाल्याला द्यायची. गोणी अजून दुकानात होती. मी ती भर दुकानात पालथी केली. लग्नपत्रिका, शाळेच्या वह्या, कुणाचा तरी प्रबंध, सगळ्यांच्या पांढऱ्या कडा, आणि त्यांत या कादंबरीच्या पिवळ्या. पिवळ्या वेचायला दोन दिवस लागले. मग पान आणि पट्टी जुळवायला बसले. अर्धं अक्षर पानावर, अर्धं पट्टीवर. अम्मी आकार बघून फर्मे लावायची तसं.

न वाचता जुळवता येईना. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी बांधलेलं पुस्तक वाचलं, तेही कडेकडेनं. कादंबरीत पेशवाईतली सई मैत्रिणीसाठी बटाट्याची भाजी करते. तिथे मालतीबाई: 'तेव्हा पुण्यात बटाटा होता का गं?' खाली कुसुमताई: 'लेखिकेला विचार. मला वाचून भूक लागली, मी केली. डाग त्याचाच.' पुढच्या प्रकरणात सई साताऱ्याला निघते, तिथे मालतीबाई: 'हडपसर साताऱ्याहून लांब आहे. रविवारी ये. बटाटे आण.' मग तो त्यांचा मंत्रच झालेला. कुणी रुसलं, बटाटे आण. कुणाचा नवरा तापानं पडला, बटाटे घेऊन येते. एका पानावर सईची लेक आईला सोडून आईच्या मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडते. तिथे मालतीबाईंनी लिहिलंय, 'असं झालं तर मला वाईट वाटेल.' आणि कुसुमताईंनी, 'तुझी काय नि माझी काय. रडायला खांदा जवळचा लागतो.' ही पट्टी चिकटवताना मी बराच वेळ हात पुसत बसले. माझी मुलगी तिच्या अडचणी तिच्या आत्याला सांगते. मी आत्याशी चार वर्षं बोलत नाही. असो.

दोन आठवडे दुसरं काम घेतलं नाही. पातळ टिश्यूची पट्टी मागून लावून एकेक समास परत जोडला. सगळे मिळाले. फक्त शेवटच्या पानाचा नाही.

गोणी तीनदा पाहिली. रद्दीवाल्याला शिव्या दिल्या, त्यानं काही नेलंच नव्हतं. मशिनच्या खाली आडवी झाले, तेव्हा कंबरेनं मला शिव्या दिल्या. आणि तशीच जमिनीवर पडलेली असताना आठवलं. मी कागद विकत घेऊन पाठीला लावत नाही. पुठ्ठा चढवण्याआधी पाठीवर आतून एक कागदी पट्टी चिकटवावी लागते, म्हणजे पुस्तक उघडताना पाठ मोडत नाही. लोक त्यासाठी चांगला कागद कापतात. मी नुकत्याच पडलेल्या कातरणातली वरची पट्टी उचलते. लांबी अगदी त्याच पुस्तकाएवढी असते, मोजावंही लागत नाही. ही युक्ती मी इतरांना शिकवत नसे, इतका मला तिचा गर्व होता. पुस्तक मशिनमध्ये पालथं होतं. वरची पट्टी शेवटच्या पानाची.

म्हणजे ती ओळ कुठे हरवली नव्हती. पुस्तकाच्या पाठीतच होती, मीच डकवलेली.

तांबडं कापड, दृष्ट लागावी असं, स्वतःच्या हातानं फाडलं. आता नशिबाचा भाग असा की आजकाल सगळे पांढरा गोंद वापरतात, तो सात जन्म सुटत नाही. मी अजून घरी शिजवलेली मैद्याची खळ वापरते. परंपरा वगैरे काही नाही, स्वस्त पडते. ओल्या फडक्यानं ती अर्ध्या तासात सुटली. शिशाची पेन्सिल पाण्याला भीत नाही. पट्टी निघाली. मात्रांखाली अक्षरं बसली. ती जोडली आणि पुस्तक नव्यानं बांधलं.

अस्मिताला फोन केला. "पुढची ओळ सापडली. हडपसरला जाऊ."

तिनं विचारलं, "वाचलीत?"

"वाचली. खोटं कशाला बोलू? पण सांगणार नाही. तुम्हाला लिहिलेली नाही आणि मलाही नाही."

रिक्षावाला लांबून घेऊन गेला, तरी मी भांडले नाही. यावरून माझी अवस्था ओळखा.

कुसुमताई तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लहानखुऱ्या, जाड चष्मा. दार उघडून अस्मिताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस? अकरा वर्षं बस बंद होती वाटतं."

"मावशी, आईनं..."

"आत ये आधी. दारात बोलायला मी काय सेल्समन आहे?"

अस्मितानं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं, शेवटचं पान उघडून. कुसुमताईंनी पुस्तक आडवं धरलं आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं.

"'कुसुम, तिनं तुला आधी सांगितलं याचा राग अजून आहे.'" चष्म्यावरून एकदा अस्मिताकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. कुसुमताईंनी बोट खालच्या, जोडलेल्या पट्टीवर नेलं. "'पण तू होतीस म्हणून पोर एकटी पडली नाही. माझ्या गुडघ्यांनी बस चढवत नाही, तूच ये. येताना बटाटे आण.'"

मग कुसुमताई म्हणाल्या, "मेली. बोलावणार कधी, तर पुस्तकात लिहून. आणि पुस्तक ठेवणार स्वतःच्या कपाटात." पुस्तक मिटून त्या उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग कुकरचं झाकण लागल्याचा. शिट्टी होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या शिट्टीला अस्मिता उठून आत गेली. मी बाहेर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरची पत्र्याची पट्टी तपासत राहिले. वाकडी बसवली होती.

बशांतून बटाट्याची भाजी आली. अस्मिताचं नाक लाल होतं, पण ती पोळ्या वाढत होती आणि मावशी तिला "हात धुतलेस का?" विचारत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"हे पुस्तक कापलं ते तुम्हीच ना?"

"मीच. पण जोडलंही..."

"दिसतंय." त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, एकेका समासावरून बोट फिरवलं. नखाला जोड लागतो का बघत होत्या. लागत नव्हता. मग विचारलं, "नाव काय तुमचं?"

"रझिया."

त्यांनी पेन्सिल घेतली. पुस्तकाच्या शेवटी मी घातलेल्या कोऱ्या पानावर त्यांनी शाळेच्या फळ्यावर असतं तसल्या अक्षरात लिहिलं, 'समास कापला : रझिया बाइंडर. समास जोडला : तीच.'

मी म्हटलं, "ताई, जोडला तेवढं ठेवा की. कापला खोडा."

"दोन्ही राहील."

"मग निदान जोडला वर घ्या."

"आधी कापलंत, मग जोडलंत. अडतीस वर्षं मी मुलांना गुण दिलेत, घासाघीस चालत नाही. भाजी घ्या."

इतक्या वर्षांत एका पुस्तकात माझं नाव आलं. भाजीत मीठ कमी होतं. बोलले नाही.